तान्ह्याचा श्वास आणि आईची मोजणी



पावसाळ्याचा जोर ओसरू लागला की या सदराकडे येणाऱ्या प्रश्नांत तान्ही बाळे वाढतात. बाळ दीड महिन्याचे आहे, नाक गच्च झाले आहे. तीन महिन्यांचे आहे, खोकून खोकून लाल होते. रात्री दूध तोंडात घेते आणि सोडून देते. पत्राचे शेवटचे वाक्य बहुतेक एकच असते : काय द्यावे?

खरे सांगायचे तर देण्यासारखे फार थोडे आहे. इतक्या लहान बाळाची सर्दी जवळजवळ नेहमी विषाणूची असते आणि त्या विषाणूंना मारणारे औषध मेडिकलवर मिळत नाही. पाहण्यासारखे मात्र पुष्कळ आहे, आणि ते पाहायला आईच्या मांडीइतकी चांगली जागा दुसरी नाही. म्हणून या महिन्यात औषधाआधी श्वासाविषयी लिहिते.

बाळांच्या छातीला धरणाऱ्या विषाणूंत पहिला नंबर आरएसव्हीचा. पूर्ण नाव रेस्पिरेटरी सिन्सिशियल व्हायरस. १९५६ मध्ये अमेरिकेत सर्दी झालेल्या चिंपांझींमध्ये तो प्रथम सापडला आणि त्यानंतर लगेच आजारी बाळांमध्येही. मूल दोन वर्षांचे होईपर्यंत तो जवळपास प्रत्येकाला एकदा तरी गाठतो. तुम्हालाही झाला असेल, मलाही. आपापल्या अम्मींना ती एक साधी सर्दी म्हणून आठवतही नसेल. त्याच्याच नात्यातला एचएमपीव्ही. जानेवारी २०२५ मध्ये बंगळुरूच्या दोन बाळांत तो सापडल्याची बातमी आली आणि मोबाइलवर ‘चीनचा नवा विषाणू’ म्हणून एकच गोंधळ उडाला. तो नवा नव्हता. २००१ मध्ये नेदरलँड्सच्या शास्त्रज्ञांनी त्याला ओळखले, आणि त्याआधीही कित्येक वर्षे तो मुलांमध्ये फिरतच होता. त्या आठवड्यात घरोघर मास्क बाहेर निघाले आणि पंधरा दिवसांत परत कपाटात गेले. आरएसव्ही मात्र दरवर्षी येतो आणि त्याची बातमी होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार त्याने दरवर्षी पाच वर्षांखालील एक लाखाच्या आसपास मुले दगावतात. त्यांतली निम्म्याच्या जवळपास सहा महिन्यांचीही झालेली नसतात, आणि जवळजवळ सगळी आपल्यासारख्या गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांतली असतात.

मोठ्यांची सर्दी आणि तान्ह्याचे संकट, विषाणू एकच, मग एवढा फरक का? फालुदा पिताना नळीत सब्जाचे दाणे अडकतात ते आठवा. रुंद नळी असेल तर दाणे सरकून जातात, बारीक असेल तर ओढून ओढून गाल दुखतात. आपल्या फुप्फुसातली श्वासनळी झाडासारखी फांदत जाते आणि शेवटच्या फांद्या फार बारीक असतात. तान्ह्या बाळात त्या इतक्या अरुंद असतात की आतून थोडी सूज आली आणि थोडा चिकट कफ साचला की हवा जायला वाटच उरत नाही. डॉक्टर कागदावर ‘ब्राँकिओलायटिस’ लिहितात ते हेच. त्यात आणखी एक अडचण. पहिले काही महिने बाळ मुख्यतः नाकानेच श्वास घेते. नाक बंद असेल तर त्याने दूध ओढावे की श्वास? ते दूध सोडते, रडते, दमते आणि झोपी जाते. घरातले म्हणतात, चला, शांत झाले.

या आजाराची एक चाल असते. ती ठाऊक असली तर बरेच काही टळते. पहिले दोन दिवस नुसते नाक वाहते, थोडा ताप असला तर असतो. तिसऱ्या दिवसापासून आजार छातीत उतरतो आणि तिसरा ते पाचवा हे दिवस सगळ्यांत जड जातात. त्यानंतर बहुतेक बाळे हळूहळू सावरतात. आता होते असे, की बाळाला दुसऱ्या दिवशी डॉक्टरांकडे नेले जाते. डॉक्टर छाती तपासून ‘साधी सर्दी आहे’ म्हणतात, आणि ते त्या दिवसापुरते बरोबर असते. चौथ्या रात्री बाळ धापा टाकू लागते तेव्हा घरात कोणीतरी म्हणते, परवाच तर दाखवले, औषध चालू आहे ना! दुसऱ्या दिवशीच्या तपासणीवर चौथी रात्र काढू नका. दोन दिवसांपूर्वीच दाखवले असले तरी पुन्हा न्यायला लाजू नका. चांगले डॉक्टर त्यावर रागावत नाहीत.

पसली चालणे म्हणजे काय

आपल्या घरांत दादी-नानी एक शब्द वापरतात : बच्चे की पसली चल रही है. मराठीत कोणी पोट उडते म्हणते, विदर्भात कुठे ‘डब्बा’ म्हणतात. हा शब्द फार नेमका आहे. श्वास आत घेताना छातीचा खालचा भाग, म्हणजे बरगड्या संपतात तिथली जागा, बाहेर फुगण्याऐवजी आत खेचली जाते. जगभरच्या आरोग्यसेविकांना न्यूमोनिया ओळखायला जी खूण शिकवतात ती हीच. आपल्या बुजुर्ग बायकांनी ती कोणत्याही पुस्तकाशिवाय हेरली होती. पुढे मात्र वाट चुकते. पसली चालते म्हटल्यावर बाळाला झाडायला नेतात, पोटावर गरम पोटली फिरवतात, काही भागांत तर चटके देतात. मेळघाटात गरम लोखंडाने डागलेल्या पोटाची बाळे दवाखान्यात पोचल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. दुआ पढून दम करायला एक मिनिट लागते, आणि ते रिक्षात बसूनही करता येते. त्यासाठी बाळाला घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाला जायचे आणि तिथे रांगेत तासभर थांबायचे, याला तवक्कुल म्हणत नाहीत. उंट आधी बांधायला सांगणारा दीन आहे आपला.

पसली पाहायची तर झबले वर करावे लागते. हे मुद्दाम लिहिते, कारण आपण थंडीच्या भीतीने बाळाला तीन कपड्यांत आणि वर शालीत असे गुंडाळतो की गळ्याखाली काय चालले आहे ते दिसतच नाही. उजेडात बसा. बाळ झोपलेले किंवा शांत असावे. रडत असेल, नुकतेच दूध पीत असेल तर थांबा. झबले छातीच्या वर सरकवा. पोटाकडे पाहा. पोट एकदा वर येऊन खाली गेले की एक श्वास. मोबाइलवर एक मिनिट लावा आणि पूर्ण मिनिट मोजा. अर्धा मिनिट मोजून दुप्पट करू नका; तान्ह्या बाळाचा श्वास एका लयीत चालत नाही, चार-पाच झपझप घेते, मग क्षणभर थांबते.

दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचा श्वास मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त भरला तर थोड्या वेळाने पुन्हा मोजा. पुन्हा तेवढाच आला तर दवाखाना. दोन महिन्यांपासून वर्षाच्या आतपर्यंत ही रेघ ५० ची आहे. वर्षानंतर पाच वर्षांपर्यंत ४० ची. हे आकडे फ्रिजवर किंवा कपाटाच्या आतल्या बाजूला लिहून ठेवा. रात्री दोन वाजता कोणाला आठवत नाहीत.

छातीबद्दल एक बारकावा. अगदी लहान बाळाची छाती मऊ असते, त्यामुळे किंचित खळगा पडणे चालते. प्रत्येक श्वासाला खोल, दुरूनही दिसेल असा खळगा पडत असेल तर मोजणीचीही वाट पाहू नका. तसेच श्वासाबरोबर कण्हल्यासारखा आवाज येणे, नाकपुड्या फुलणे, ओठ किंवा जीभ निळसर-काळपट दिसणे, मध्येच श्वास थांबून बाळ पांढरे पडणे. वेळेआधी जन्मलेल्या आणि पहिल्या दीड-दोन महिन्यांच्या बाळांत कधी कधी खोकला नसतोच, श्वास थांबणे हेच पहिले लक्षण असते. म्हणून ‘खोकला कमी झाला’ ही बातमी नेहमी चांगली असेल असे समजू नये. दमलेले बाळ खोकतही नाही.

आणि दूध. नेहमीच्या निम्म्याहून कमी घेत असेल, किंवा सहा-आठ तासांत लंगोट ओला झाला नसेल तर ताप असो-नसो, न्यायचे. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १०० अंशांच्या वर ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. घरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहायची नाही.

काही घरांत कोरोनाच्या काळातले बोटाला लावायचे ऑक्सिमीटर अजून आहे. ते मोठ्यांच्या बोटासाठी असते. बाळाच्या बोटावर ते चुकीचे आकडे दाखवते, आणि ९८ दिसले म्हणून घर निर्धास्त होते. ते बाजूला ठेवा. डोळे आणि घड्याळ पुरेसे आहेत.

कोणी म्हणेल, हे मोजणे-बिजणे शिकलेल्या बायकांचे काम. याला उत्तर आपल्याच महाराष्ट्रात आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९८८ च्या सुमारास गडचिरोलीच्या गावांत मुलांच्या न्यूमोनियावर काम सुरू केले. तिथे डॉक्टर नव्हते, क्ष-किरण नव्हते. गावातल्या आरोग्यसेवकांना आणि बाळंतपण करणाऱ्या दायांना श्वास मोजायला शिकवले गेले. दायांपैकी कितीतरी जणींना अक्षरओळख नव्हती, साठपर्यंत अंक येत नव्हते. त्यांच्यासाठी एक साधे यंत्र बनवले : मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्यापर्यंत पोचलात तर न्यूमोनिया समजायचा आणि तिथेच औषध सुरू करायचे. १९९० मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात याचे निकाल छापून आले. या गावांतले न्यूमोनियाचे बालमृत्यू शेजारच्या तशाच गावांच्या मानाने निम्म्याच्या आसपास उतरले होते. औषध साधे आणि स्वस्त होते. ते आधीही मिळत होते. ते कोणाला आणि कधी द्यायचे हे सांगणारे कोणी गावात नव्हते. मणी सरकवणाऱ्या बाईने ते काम केले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते. गडचिरोलीच्या त्या औषधाचा रोख बॅक्टेरियाच्या न्यूमोनियावर होता. आरएसव्हीवर अँटिबायोटिक चालत नाही. पण वेगवान श्वास दोन्हींत सारखाच दिसतो. आतला जंतू कोणता हे डॉक्टर ठरवतील. बाळाला आत्ता न्यायचे की नाही हे मोजणी ठरवते.

आशाताई बाळंतिणीच्या घरी दीड महिन्यापर्यंत सहा-सात वेळा येतात, ती योजनाही याच संस्थेच्या पुढच्या कामातून, नवजात बाळांच्या घरच्या काळजीतून आलेली आहे. आपल्या मोहल्ल्यात आशाताई येत असतील तर त्यांना दारातून चहा पाजून पाठवू नका. आत बोलवा, बाळाचा श्वास मोजून दाखवा म्हणा, आणि त्यांच्यासमोर एकदा स्वतः मोजा.

कोणी उठायचे?

आता जरा नाजूक विषय. आई मोजते, पण निर्णय तिच्या हातात असतो का? आपल्या शहरात कितीतरी घरांतले पुरुष वाळूज नाहीतर चिकलठाण्याला शिफ्टमध्ये असतात. रात्री अकराला सून म्हणते, बाळाचा श्वास वेगळा वाटतो. सासूबाई म्हणतात, आम्ही सात वाढवली, सर्दीच आहे. नवऱ्याला फोन लागतो तेव्हा तो म्हणतो, मी सुटून येतो मग पाहू. तो सकाळी येतो. पहिले बाळंतपण असेल आणि मुलगी मैक्याला असेल तर आणखी एक पेच : सासरच्यांना न विचारता दवाखान्यात टाकले तर काय म्हणतील? यात कोणाचीही नियत वाईट नसते. पण बारीक नळ्यांच्या आजारात रात्रीचे सहा-सात तास फार मोठे असतात.

माझे मत असे, की हे बाळ निरोगी असतानाच ठरवून टाकावे. साठ भरले की निघायचे, कोणाला विचारायचे नाही, फक्त कळवायचे. सोबत कोण येईल, रिक्षावाला कोणता, पैसे कोणत्या डब्यात, हे सगळे आधीच. घरातल्या मोठ्यांनी एकदा मोठ्याने म्हणावे, बेटी, तुला शंका आली तर तू नीघ. या एका वाक्याने सुनेला जे बळ येते ते दहा पुस्तकांनी येत नाही. आणि वाचक भावांनो, तुम्हीही हे सदर चोरून वाचता हे मला ठाऊक आहे : मोजायला तुम्हीही शिका.

१०८ ही रुग्णवाहिका फुकट आहे आणि रात्रीही येते. आपल्या घाटीत, म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात, मराठवाड्याच्या जिल्ह्याजिल्ह्यांतून अशी बाळे येतात. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली वर्षाच्या आतल्या आजारी बाळावर सरकारी रुग्णालयात मोफत उपचार होतात. औषधे, तपासण्या आणि ने-आणही त्यात धरलेली आहे. खासगीत न्यायचे असेल तर तिथे बाळासाठी ऑक्सिजनची सोय आहे का, रात्री बालरोगतज्ज्ञ असतात का, हे आधी फोनवर विचारा. जवळच्या दवाखान्यातून दुसरीकडे, तिथून तिसरीकडे अशा फेऱ्यांत बाळ अधिक थकते.

दवाखान्यात काय करतात, याचीही कल्पना असावी, म्हणजे ‘काहीच करत नाहीत’ असे वाटून बाळाला उचलून आणले जाणार नाही. ऑक्सिजन कमी असेल तर तो नाकाजवळ नळीने देतात. नाक साफ ठेवतात. दूध ओढता येत नसेल तर नाकातून पोटात बारीक नळी घालून आईचेच दूध देतात, किंवा सलाइन लावतात. विषाणूच्या या आजारात मुख्य उपचार एवढाच : बाळाचे शरीर आजाराशी लढते तोवर त्याला हवा आणि पाणी कमी पडू द्यायचे नाही. दरवेळी वाफेचे मशीन, दरवेळी अँटिबायोटिकचे इंजेक्शन, दरवेळी एक्स-रे हवाच असे नाही. ते न करणारा डॉक्टर आळशी नसतो. आपणच इंजेक्शनाचा हट्ट धरतो आणि मग ते न देणाऱ्याकडे पुन्हा जात नाही, हेही खरे.

बाटलीतला खोकला

घरगुती औषधांविषयी थोडे कडक लिहावे लागणार आहे. सगळ्यांत आधी खोकल्याचे सिरप. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात साधा सर्दी-खोकला झालेल्या मुलांची लघवी बंद झाली, मूत्रपिंडे निकामी झाली. अनेकांना आपल्या नागपूरला आणले गेले, आणि वीसहून अधिक मुले गेली. त्यांना दिलेल्या ‘कोल्ड्रिफ’ या सिरपमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष सापडले, आणि तेही थोडेथोडके नव्हे, जवळपास निम्मे. त्यानंतर केंद्र सरकारच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने पुन्हा सांगितले, की दोन वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि पाच वर्षांखालीही सहसा देऊ नयेत. विष नसलेले सिरपही तान्ह्याला उपयोगाचे नाही. खोकला हा कफ बाहेर काढण्याचा बाळाचा एकमेव मार्ग. तो दाबून, वर गुंगी आणून आपण काय साधतो? थोरल्याच्या उरलेल्या बाटलीतले चार थेंब धाकट्याला, ही सवय तर आजच मोडा. बाटली ओतून टाका.

शहद. कुरआन शरीफमध्ये शहदात शिफा असल्याचा उल्लेख आहे, म्हणून या विषयावर बोलताना आपण अडखळतो. पण प्रत्येक नेमत प्रत्येक वयासाठी नसते. रोटीही नेमत आहे, ती आपण दोन महिन्यांच्या बाळाला भरवत नाही. शहदात कधी कधी एका जंतूची सुप्त बीजे असतात. मोठ्यांचे पोट ती पचवते; वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ती रुजून विष तयार करू शकतात, आणि त्या विषाने बाळाचे स्नायू लुळे पडतात. वर्ष पूर्ण झाल्यावर खुशाल द्या. तोवर बाळाच्या अम्मीने खावे.

नाकात तेल सोडू नये. ते थेट फुप्फुसात उतरते. कापराची पोटली, छातीला बाम, पातेल्यातल्या पाण्याची वाफ, यांतले काहीही नको. भाजलेल्या बाळाला सर्दीवरचा उपचार म्हणून भाजले हे सांगताना त्या आईची जी अवस्था होते ती कोणाची होऊ नये. बाळाच्या खोलीत लोबान, अगरबत्ती, मच्छर अगरबत्ती, शेगडी आणि कोणाची बिडी-सिगारेट, हे सगळे बंद. शुक्रवारी लोबान फिरवायचाच असेल तर दुसऱ्या खोलीत.

मग चालते काय? मिठाच्या पाण्याचे तयार थेंब, ज्याला सलाइन नेझल ड्रॉप्स म्हणतात. मेडिकलवर स्वस्तात मिळतात. दूध पाजण्याआधी दोन्ही नाकपुड्यांत दोन-दोन थेंब, मिनिटभर थांबून मऊ कपड्याने पुसून घ्या, मग छातीशी लावा. एकदम पोटभर पाजण्याचा आग्रह नको. थोडे थोडे, पण वारंवार. याहून जास्त उपाय मी सांगणार नाही, कारण याहून जास्त नाहीत.

आईला सर्दी असेल तर दूध तोडायचे का, असे हमखास विचारतात. अजिबात नाही. सर्दी दुधातून जात नाही. उलट आईच्या शरीराने त्या विषाणूशी लढायला तयार केलेली शस्त्रे दुधातून बाळाला मिळतात. कुरआनने पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख केला आहे, त्यात सर्दीचे आठ दिवस वजा केलेले नाहीत. हात धुवा, नाक-तोंड ओढणीने नीट झाका आणि पाजा. रमजान असेल आणि रोज्याने दूध कमी पडून आजारी बाळाचे हाल होत असतील तर दूध पाजणाऱ्या आईला शरीअतने सवलत दिली आहे. आपल्या आलिमांना विचारून रोजे पुढे कजा करता येतात.

बाळाला हा विषाणू देते कोण? परके कोणी नाही. बहुतेक वेळा शाळेतून किंवा मकतबातून नाक ओढत आलेला थोरला भाऊ, जो दप्तर टाकून आधी बाळाची पापी घेतो. नाहीतर बाळ पाहायला आलेली खाला, जिला ‘जरा घशात खवखव आहे’. विषाणू शिंकेतून येतो तसा हातांवरूनही येतो. कठीण वस्तूंवर तो कित्येक तास टिकतो. पाळण्याचा दांडा, खुळखुळा, मोबाइल.

आपल्याकडे चिल्ला पाळतात. चाळीस दिवस बाळंतीण घरात राहते. प्रथा चांगली आहे, पण एक गंमत पाहा : चिल्ला बाईला बाहेर जाऊ देत नाही, मोहल्ल्याला मात्र आत येऊ देतो. रोज पाचपंधरा माणसे, प्रत्येकीच्या हातात बाळ, हातात नोट ठेवून गालाची पापी. पहिले तीन महिने बाळाला दुरून पाहू द्या. पापी पायाची घ्या, तीही निरोगी असाल तर. कोणाला वाईट वाटेल ही भीती असेल तर ‘डॉक्टरने मना किया है’ म्हणून माझ्यावर ढकला. आजारी जनावर निरोगी जनावरांत आणू नये, शिंकताना तोंड झाकावे, ही शिकवण आपल्याला प्रेषितांकडून (स.) मिळाली आहे, तिला कोणी उद्धटपणा म्हणू शकत नाही.

तहनीकचेही तसेच. खजूर चावून बाळाच्या टाळूला लावणाऱ्या बुजुर्गांना त्या दिवशी सर्दी-खोकला असेल तर त्यांनी स्वतःहून हे काम दुसऱ्या नेक आणि निरोगी माणसावर सोपवावे. कानात अजान देणाऱ्यानेही. सातव्या दिवशी अकीका असेल आणि घरात कोणी आजारी असेल तर बकरा कापून गोश्त वाटा, दावत नंतर होऊ शकते. पुढची तारीखही धरता येते असे उलमा सांगतात.

हात धुण्याचा सल्ला देताना मला आपल्या शहराचे नळ आठवतात. जिथे आठ-आठ दिवसांनी पाणी येते तिथे ‘वीस सेकंद वाहत्या पाण्याखाली’ असे कसे लिहू? बाळाच्या खोलीच्या दाराशी एक लोटा, एक तसराळे आणि साबण ठेवा. वुजूला लागते त्याहून कमी पाण्यात हात स्वच्छ होतात. साबण चोळताना पाणी बंदच असते.

लशींविषयी थोडक्यात. आरएसव्हीसाठी गरोदर बाईला द्यायची लस आणि बाळाला द्यायचे अँटिबॉडीचे इंजेक्शन, दोन्ही २०२३ पासून अमेरिकेत वापरात आहेत आणि जागतिक आरोग्य संघटनाही त्यांची शिफारस करते. आपल्या सरकारी लसीकरणात ती नाहीत. बाळ वेळेआधी जन्मलेले असेल किंवा हृदयाचा दोष असेल तर आपल्या बालरोगतज्ज्ञांना यांविषयी जरूर विचारा. पण जे आपल्या दवाखान्यात फुकट आहे ते तरी चुकवू नका : दीड महिन्यापासून मिळणारी पेंटाव्हॅलंट आणि न्यूमोकॉकलची लस बॅक्टेरियाच्या न्यूमोनियापासून आणि डांग्या खोकल्यापासून वाचवते. नुसती सर्दी आहे, ताप नाही, बाळ दूध पिते आहे, एवढ्यासाठी तारीख पुढे ढकलायची गरज नसते. नर्सताईंना दाखवून विचारा.

आणि एका भगिनीच्या प्रश्नाचे उत्तर राहिले होते. बाळ दवाखान्यातून घरी येऊन आठ दिवस झाले, दूध चांगले पिते, हसते, पण खोकला अजून आहे, पुन्हा न्यावे का? हा खोकला दोन-तीन आठवडे रेंगाळतो. बाळ शांत झोपले असताना एक मिनिट मोजा. पन्नासच्या आत असेल, पसली चालत नसेल आणि लंगोट नेहमीसारखे ओले होत असतील तर थांबायला हरकत नाही. पुन्हा ताप आला किंवा दूध कमी झाले तर मात्र त्याच दिवशी दाखवा.